पाच मेगावॅट आले कुठून? धूरनियंत्रणासाठी आगीचा आकार ठरवताना

धूरनियंत्रणाचा, म्हणजे आगीचा धूर पंख्यांनी इमारतीबाहेर काढायच्या यंत्रणेचा, कुठलाही डिझाइन रिपोर्ट उघडा. सुरुवातीच्या पानांत कुठेतरी ‘डिझाइन फायर : ५ मेगावॅट’ अशी एक ओळ सापडते आणि पुढची सगळी पानं त्या ओळीवर उभी असतात. पंखे किती, डक्ट केवढे, बाहेरची हवा कुठून घ्यायची, सगळं तिथून निघतं. हा आकडा आला कुठून, असं विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, “मागच्या प्रोजेक्टला हाच धरला होता.” मागच्या प्रोजेक्टला तो त्याच्या मागच्यातून आलेला असतो.

५ मेगावॅट हा आकडा चूकच असतो असं नाही. पण आगीचा आकार तक्त्यातून उचलायची गोष्ट नाही. या जागेत काय जळू शकतं, किती जळू द्यायचं आणि ते तेवढंच राहील याची हमी कोण देणार, याचा तो निर्णय आहे. तो कसा घ्यायचा ते एक उदाहरण धरून पाहू.

उदाहरणासाठी मुंबई परिसरातला एक काल्पनिक मॉल घेऊ. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजला ४.५ मीटरचा, मधोमध ॲट्रियम, म्हणजे तळापासून छतापर्यंत उघडा चौक, आणि त्यावर २० मीटरवर काचेचं छत. सगळ्यात वरच्या मजल्याची लादी १३.५ मीटरवर येते. तिथे चालणाऱ्या माणसाच्या डोक्याच्या वर धूर राहावा म्हणून धुराच्या थराचा तळ १५.५ मीटरवर राखायचा. वर ४.५ मीटरचा थर उरतो. थराची जाडी एकूण उंचीच्या निदान २० टक्के असावी, ही ‘एनएफपीए ९२’ या अमेरिकी मानकातली अपेक्षाही त्यात बसते. बाहेरचं तापमान ३० अंश धरू.

आधी ‘आकार’ म्हणजे काय ते

आपण मोजतो ती ज्वालेची उंची नाही आणि जळणारं क्षेत्रफळही नाही. आग दर सेकंदाला किती उष्णता सोडते, म्हणजे हीट रिलीज रेट, तो आगीचा आकार. एकक किलोवॅट. घरातला गीझर साधारण २ किलोवॅटचा असतो, म्हणजे ५ मेगावॅट म्हणजे अडीच हजार गीझर एकदम चालू. दुसऱ्या मापाने सांगायचं तर १४.२ किलोचा भरलेला घरगुती सिलिंडर सव्वादोन मिनिटांत संपावा एवढा जळण्याचा वेग. नव्या इंजिनिअरला मी हीच तुलना सांगतो, कारण मेगावॅट शब्द ऐकून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

प्रयोगशाळेत हा दर थेट मोजता येतो. बहुतेक सगळे सेंद्रिय पदार्थ एक किलो ऑक्सिजन वापरताना सुमारे १३.१ मेगाज्यूल उष्णता सोडतात. त्यामुळे मोठ्या हूडखाली सोफा पेटवून वर जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन किती घटला हे मोजलं की दर कळतो. आपण वापरतो ते बरेचसे आकडे अशा चाचण्यांतून आले आहेत.

या उष्णतेचा साधारण ७० टक्के भाग गरम वायूंबरोबर वर जातो आणि उरलेला ३० टक्के किरणांनी आजूबाजूला फेकला जातो. पहिला भाग धूर किती होईल ते ठरवतो, दुसरा शेजारचं काय पेटेल ते. हे दोन आकडे पुढे सतत लागतील.

पायरी १ : ड्रॉइंग बाजूला ठेवा आणि फिरून या

इमारत उभी नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या मॉलमध्ये फिरा. शनिवारी संध्याकाळी फिरा, सोमवारी सकाळी नाही. ड्रॉइंगवर ॲट्रियम म्हणजे ग्रॅनाइटची फरशी आणि दोन कुंड्या. प्रत्यक्षात तिथे मोबाइल कव्हरचे आणि परफ्युमचे किऑस्क असतात, मुलांच्या खेळाचा फोमचा कोपरा असतो, बसायला सोफे असतात. गणपतीत मखर येतं, दिवाळीत कापडी कंदिलांची झुंबरं, डिसेंबरमध्ये दोन मजली प्लॅस्टिकचं झाड. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, त्यामुळे एक वाईट इंधन कमी व्हायला हवं. त्याच्या जागी काय आलं ते मात्र हात लावून पाहा. कापड, फोम शीट आणि फ्लेक्सही छान जळतात. आणि सोडतीत जिंकायची नवी कोरी गाडी, रॅम्पवर चढवून ठेवलेली, हमखास असते.

पहारेकऱ्याशी बोला. रात्री अकरानंतर दुकानांचा माल कुठून आत येतो आणि खोकी कुठे थप्पीला लागतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. एका ठिकाणी सर्व्हिस लिफ्ट बंद म्हणून आठवडाभर सगळा माल ॲट्रियममध्येच उतरत होता. रिपोर्टमध्ये त्या जागेचं वर्णन ‘इंधनविरहित’ असं होतं, आणि तो रिपोर्ट मी लिहिलेला होता.

डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या एका खाजगी रुग्णालयात पहाटे तळघरात आग लागली आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली. बहुतेक जण वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरले. तळघर गाड्यांसाठी होतं आणि तिथे जळाऊ सामान साठवलेलं होतं. ड्रॉइंगवरची आग आणि प्रत्यक्षातली आग यांतलं अंतर याहून स्पष्ट कुठे दिसणार?

पायरी २ : वस्तूंची उष्णता लावा

दोन वाटा आहेत. पहिली, क्षेत्रफळाने. दुकानी मालासाठी दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलोवॅट आणि ऑफिससाठी सुमारे २५० किलोवॅट हे आकडे व्यवहारात रुळलेले आहेत. आपला किऑस्क ३ बाय २.५ मीटरचा असेल तर ७.५ चौरस मीटर, म्हणजे ३.७५ मेगावॅट.

दुसरी वाट वस्तूवरून. फोमचा तीन आसनी सोफा एकटा ३ मेगावॅटपर्यंत जाऊ शकतो. इथे क्षेत्रफळाचा आकडा फसवतो, कारण उंची महत्त्वाची असते. लाकडी पॅलेटची थप्पी अर्ध्या मीटरच्या आसपास असेल तर दर चौरस मीटरला साधारण १,४०० किलोवॅट. तीच दीड मीटर झाली की ४,००० आणि तीन मीटर झाली की ६,८०० किलोवॅट. जमीन तेवढीच अडली, आग जवळपास पाचपट झाली. म्हणून किऑस्कला क्षेत्रफळाची मर्यादा घालताना उंचीचीही घाला. ती घालायची बहुतेक जण विसरतात.

मग वेळेची पडताळणी करा. किऑस्कमध्ये समजा ३०० किलो मिश्र माल आहे आणि सरासरी किलोला २० मेगाज्यूल. एकूण ६,००० मेगाज्यूल. ५ मेगावॅटने जळला तर २० मिनिटं पुरेल. लोक बाहेर पडायला लागणारा वेळ त्याहून कमी असेल, तर ‘इंधन संपून आग आपोआप उतरेल’ हा युक्तिवाद तुमच्या कामाचा नाही. आग स्थिर धरा आणि पुढे चला.

अमेरिकी साहित्यात ॲट्रियमसाठी तीन ढोबळ आकडे मिळतात : इंधन कडकपणे मर्यादित असेल तर २ मेगावॅट, नेहमीचं सामान असेल तर ५ आणि मोठी आग म्हणून २५. आपला ‘मागच्या प्रोजेक्टचा’ ५ बहुधा तिथून किंवा ब्रिटिश परंपरेतून आला. स्प्रिंकलर, म्हणजे आगीच्या उष्णतेने आपोआप पाणी फवारणारी छतातली तोटी, असलेल्या दुकानासाठी १२ मीटर परिघाची ५ मेगावॅटची आग तिथे वर्षानुवर्षं वापरात आहे. आकडा सारखा, पण अर्थ वेगळा : एक ॲट्रियमच्या फरशीवरची आग, दुसरी स्प्रिंकलरने रोखलेली दुकानातली. रिपोर्टमध्ये यांची सर्रास सरमिसळ होते.

पायरी ३ : शेजारचं पेटेल का?

एक किऑस्क ३.७५ मेगावॅट. शेजारचा पेटला तर साडेसात. म्हणून दोघांत किती अंतर हवं हे काढायलाच लागतं. किरणांनी जाणारा ३० टक्के भाग एका गोलावर सारखा पसरला असं मानायचं, त्याला ४ गुणिले पाय (π, म्हणजे ३.१४) आणि पेटण्याच्या मर्यादेने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. सहज पेटणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे कागद, पडदे, पातळ कापड यांच्यासाठी, मर्यादा दर चौरस मीटरला १० किलोवॅट धरतात. ठिणगीशिवाय नुसत्या किरणांनी पेटणाऱ्या नेहमीच्या सामानासाठी २०.

५ मेगावॅटच्या आगीसाठी उत्तर येतं : नेहमीचं सामान २.४ मीटर, सहज पेटणारं ३.५ मीटर. ही अंतरं आगीच्या मध्यापासून मोजायची आहेत, किऑस्कच्या कडेपासून नाही. कडेपासून मोजण्यासाठी किऑस्कच्या रुंदीचा अर्धा भाग वजा करावा लागतो. मग दोन किऑस्कमधली मोकळी फट दीड-दोन मीटरवर येते. तेवढ्यात मार्केटिंगवाले एक स्टँडी उभी करतात आणि पूल तयार होतो. त्यामुळे मी कडेपासूनच ३.५ मीटर लिहितो. थोडं जास्त होतं, पण पाळलं जाण्याची शक्यता वाढते, कारण सुरक्षा रक्षक टेप घेऊन ते मोजू शकतो.

हे अंतर मिळणार नसेल तर वाद घालत बसू नका. जेवढे किऑस्क एका घोळक्यात आहेत तेवढे सगळे जळतात असं धरा.

पायरी ४ : वाढीचा वेग

सुरुवातीची आग वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असं मानायची प्रथा आहे. वाढीचे चार वर्ग सुमारे १ मेगावॅट गाठायला लागणाऱ्या वेळेवरून ठरतात : मंद ६०० सेकंद, मध्यम ३००, जलद १५०, अतिजलद ७५. दुकानांना जलद, ऑफिसांना मध्यम. फोम, टांगलेलं कापड आणि उंच थप्प्या यांना अतिजलद.

स्थिर आग धरून पंखे काढणार असाल तर ही पायरी सोडता येते. पण लोक बाहेर पडायला किती वेळ आहे आणि स्प्रिंकलर कधी फुटेल, हे दोन्ही वाढीच्या वेगावर अवलंबून आहे. जलद आग ५ मेगावॅटला सुमारे ३२५ सेकंदांत पोचते, अतिजलद १६५ सेकंदांत.

पायरी ५ : स्प्रिंकलर, आणि तो कुठे आहे

सगळ्यात जास्त चुका मी इथे पाहिल्या आहेत.

आधी दुकानातला स्प्रिंकलर. छत ३.५ मीटर, हेड, म्हणजे स्प्रिंकलरची तोटी, तीन बाय तीन मीटरवर, म्हणजे आग फार तर २.१ मीटर दूर. तिच्यात ६८ अंशांना फुटून पाणी सोडणारा काचेचा बल्ब. छताखालून पसरणाऱ्या गरम हवेचं साधं सूत्र लावून आणि बल्ब तापायला लागणारा उशीर धरून हिशेब केला, तर जलद वाढणाऱ्या आगीत क्विक रिस्पॉन्स हेड, आरटीआय (बल्ब तापायला किती उशीर लावतो त्याचं माप) ५० असलेलं, साधारण ११० सेकंदांना फुटतं. तेव्हा आग ६०० किलोवॅटच्या जवळ असते. आरटीआय १५० असलेलं नेहमीचं हेड १५५ सेकंद घेतं आणि आग १.१ मेगावॅटपर्यंत जाते. एका बल्बच्या निवडीने आग जवळपास दुप्पट झाली.

त्या क्षणी आग विझत नाही. रॅकखाली, पाणी पोचत नाही तिथे ती जळतच राहते. म्हणून फुटण्याच्या क्षणीचा आकार धरून तिथेच स्थिर ठेवतात, आणि मी त्यावर दुप्पट घेतो : दुकानातली आग साधारण २ ते २.५ मेगावॅट. ब्रिटिश पद्धतीचा ५ मेगावॅट याहून जास्त सावध आहे. अग्निशमन अधिकारी तो मागत असतील तर द्या.

स्प्रिंकलर नसलेल्या दुकानाचा हिशेब मात्र करून पाहाच. ६ बाय ८ मीटरचं दुकान, पुढे ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच उघडा दर्शनी भाग. उघड्या भागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १,५०० केलं की त्या तोंडातून येणारी हवा किती मोठी आग पोसू शकते ते किलोवॅटमध्ये मिळतं. इथे ३१ मेगावॅट. आत ४८ चौरस मीटर माल, म्हणजे २४ मेगावॅट जळायला तयार. सगळं दुकान एकदम पेटण्याची सीमा सुमारे ९ मेगावॅटला ओलांडली जाते. अशा आगीसाठी ॲट्रियमचे पंखे वाढवत बसण्यात अर्थ नाही. दुकानात स्प्रिंकलर घाला.

आता ॲट्रियमच्या छतावरचा स्प्रिंकलर. २० मीटर उंचीवर, ५ मेगावॅटच्या बरोबर डोक्यावर, हवा किती तापते? तेच सूत्र सांगतं, सुमारे ३३ अंशांनी. ३० मध्ये ३३ मिळवा : ६३. बल्ब ६८ चा. म्हणजे खाली पाच मेगावॅटची आग धडधडतेय आणि वरचं हेड ढिम्म आहे. पुढे आग वाढून ते फुटलंच, तरी थेंब २० मीटर खाली ज्वालेच्या उलट्या झोतातून पोचायला हवेत. म्हणून ‘छतावर स्प्रिंकलर आहेत, त्यामुळे ॲट्रियमची आग २ मेगावॅट धरली’ असं वाक्य दिसलं की तिथे लाल शाईने गोल करा.

पायरी ६ : धूर काढा, आणि आकडा हलवून पाहा

ज्वालेच्या वर धुराचा स्तंभ जितका उंच चढतो तितकी आजूबाजूची हवा आत ओढतो. पंख्यांना जे खेचायचं असतं त्यातली जवळजवळ सगळी ही ओढलेली हवा असते. मोकळ्या जागेतल्या गोल स्तंभासाठी ‘एनएफपीए ९२’ मधलं सूत्र शब्दांत असं : वर जाणाऱ्या उष्णतेचं, म्हणजे एकूण किलोवॅटच्या ७० टक्क्यांचं, घनमूळ, गुणिले उंचीचा पाच-तृतीयांश घात, गुणिले ०.०७१, अधिक त्या उष्णतेच्या ०.००१८ पट. उत्तर किलो प्रतिसेकंदात. ज्वालेची उंची थराच्या तळापेक्षा कमी असेल तरच हे चालतं. ५ मेगावॅटला ती ४.३ मीटर निघते, म्हणजे इथे चालेल.

५ मेगावॅट, १५.५ मीटर : ११० किलो प्रतिसेकंद. तापमानवाढ सुमारे ३२ अंश. घनफळ १०४ घनमीटर प्रतिसेकंद, आपल्या साइटच्या भाषेत साधारण २ लाख २० हजार सीएफएम (घनफूट प्रतिमिनिट).

आता आकडा हलवा. २ मेगावॅट धरला तर ७२ घनमीटर. १० धरला तर १४३. म्हणजे आग पाचपट केली आणि पंखे फक्त दुप्पट झाले, कारण उष्णता घनमुळात आहे. उंची मात्र पाच-तृतीयांश घातात आहे. समजा वरचा मजला अग्निरोधक काचेने ॲट्रियमपासून पूर्ण बंद केला. मग राखायची उंची १५.५ ऐवजी ११ मीटर. तीच ५ मेगावॅटची आग, आणि घनफळ १०४ वरून ६६ वर येतं.

मीटिंगमध्ये ५ की साडेसहा यावर दोन तास जातात आणि आर्किटेक्टला ‘वरचा मजला बंद करता येईल का’ हे कोणी विचारत नाही. मी हल्ली हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारतो, कारण तिसऱ्या बैठकीपर्यंत तिथल्या फूड कोर्टचं भाडं ठरलेलं असतं.

१०४ घनमीटर बाहेर काढायचे तर जवळपास तेवढीच हवा खालून यायला हवी. ती आगीच्या स्तंभापाशी सेकंदाला साधारण १ मीटरपेक्षा जास्त वेगाने येऊ नये, नाहीतर स्तंभ वाकतो आणि जास्त हवा ओढतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या आसपास उघडी दारं. मुंबईतल्या पावसाळी मॉलमध्ये एवढी आपोआप उघडणारी दारं कुठे आहेत, हे पाहिल्यावर बऱ्याच वेळा आगीच्या आकाराची चर्चा पुन्हा सुरू होते. होऊ द्या; या वेळी ती खऱ्या कारणासाठी असते.

बाल्कनीखालून वळून येणारा धूर याहून जास्त हवा ओढतो. त्यामुळे दुकानातली २ मेगावॅटची आग कधी कधी ॲट्रियमच्या ५ मेगावॅटपेक्षा जड पडते. दोन्ही काढा, मोठं घनफळ घ्या.

पायरी ७ : लहान आगही काढा

मोठी आग पंख्यांसाठी. पण पंखे चालू कशाने होणार? धूर डिटेक्टरपर्यंत पोचला तर. मे महिन्यात काचेच्या छताखाली हवा खालच्यापेक्षा २५ अंशांनी गरम असू शकते. अशा वेळी १०० किलोवॅटची आग, म्हणजे एक पेटलेली मोठी कचरापेटी, तिचा धूर सुमारे १५ मीटरवर थबकून आडवा पसरतो. छतावरच्या डिटेक्टरला पत्ताच नाही. ५०० किलोवॅट झाली की तो २२ मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे छताला पोचेल. उपाय सोपा आहे : बीम डिटेक्टर, म्हणजे ॲट्रियमच्या आरपार सोडलेला किरण धुराने अडला की इशारा देणारे, दोन-तीन उंचींवर लावा. पण तो सुचायला लहान आगीचा हिशेब केलेला असावा लागतो.

पायरी ८ : मेगावॅट सारखे, धूर सारखा नाही

५ मेगावॅट लाकडातून आले तर सेकंदाला साधारण ६ ग्रॅम काजळी होते. तेच फोममधून आले तर २० ग्रॅमच्या पुढे. आपल्या १०४ घनमीटर हवेत मिसळल्यावर लाकडाच्या धुरात सुमारे ६ मीटर दिसतं, फोमच्या धुरात दोन मीटरही नाही. थर डोक्याच्या वर राखणार असाल तर हा फरक फारसा जाणवत नाही. पण वरच्या मजल्यावरून लोक विरळ धुरातून चालत जातील असं गृहीत धरलं असेल, तर मुलांच्या खेळाच्या कोपऱ्यातला फोम तुमचा हिशेब उलटवतो. सीएफडी, म्हणजे हवेच्या आणि धुराच्या प्रवाहाचं संगणकावरचं मॉडेल, करताना तर हा आकडा हमखास लाकडाचा ठेवलेला सापडतो.

सीएफडीबद्दल एवढंच : एफडीएस हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चांगलं आहे, आणि तुम्ही दिलेलीच आग जाळतं. ५ मेगावॅटसाठी आगीजवळ जाळीचा चौकोन १८-२० सेंटीमीटरचा ठेवा. अर्ध्या मीटरच्या जाळीवरची रंगीत चित्रं पाहून मीटिंग छान होते, बाकी काही होत नाही.

तळघरातली गाडी

पार्किंगमध्ये वेगळी अडचण आहे. २०१६ची राष्ट्रीय इमारत संहिता आगीच्या वेळी तासाला १२ वेळा हवा बदला, असं सांगते. या नियमात आगीचा आकार कुठेच नाही. २,००० चौरस मीटर, ३.६ मीटर उंच तळघराला २४ घनमीटर प्रतिसेकंद येतात. १,००० चौरस मीटरला १२. गाडी दोन्हीकडे तीच.

ब्रिटिश पार्किंग मानकात स्प्रिंकलर असेल तर ४ मेगावॅट आणि १४ मीटर परिघ, नसेल तर ८ मेगावॅट आणि २० मीटर परिघ धरतात. धूर अडीच मीटरच्या वर राखायचा ठरवला तर पहिल्या आगीला सुमारे १७ घनमीटर लागतात, दुसरीला २९. म्हणजे मोठ्या तळघराच्या १२ हवाबदलांत स्प्रिंकलरवाली गाडी भागते, बिनस्प्रिंकलरची नाही. लहान तळघरात दोन्ही भागत नाहीत. शिवाय दुसऱ्या आगीत ज्वालेवरचा धूर ४०० अंशांच्या आसपास निघतो आणि आपल्याकडचे पंखे २५० अंशांना दोन तास टिकतील असे घेतलेले असतात. वाटेत तो भिंतींना उष्णता देतो, थंड हवेत मिसळतो, म्हणून सहसा निभतं. पण आगीच्या अगदी डोक्यावर तोंड असलेल्या पंख्याचंही निभतं का, ते तपासा.

८ मेगावॅट म्हणजे एकच गाडी, हेही लक्षात ठेवा. ३१ डिसेंबर २०१७ ला लिव्हरपूलमध्ये आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लूटन विमानतळावर बहुमजली पार्किंगमध्ये हजाराहून जास्त गाड्या जळाल्या. दोन्हीकडे सुरुवात एका गाडीपासून झाली आणि दोन्हीकडे स्प्रिंकलर नव्हते. हल्लीच्या गाड्यांत प्लॅस्टिक जास्त आहे, त्या रुंद आहेत आणि आपण त्या स्टॅक पार्किंगमध्ये एकावर एक चढवतो. स्टॅकसाठी मी एका गाडीचा आकडा वापरत नाही; एका रकान्यातल्या सगळ्या गाड्या धरतो आणि प्रत्येक पातळीवर स्प्रिंकलर मागतो.

पायरी ९ : ते एका पानावर लिहा आणि इमारतीत सोडून या

आकडा ठरला की त्याच्या अटी एका पानावर उतरवा, मराठीत, इंजिनिअर नसलेल्या माणसाला कळतील अशा. आपल्या मॉलसाठी ते पान साधारण असं होईल :

ॲट्रियमच्या तळावर किऑस्क १० चौरस मीटरपेक्षा मोठा नको, १.५ मीटरपेक्षा उंच माल नको. दोन किऑस्कच्या कडांमध्ये ३.५ मीटर मोकळे. त्यात स्टँडी, खुर्ची, कचरापेटी काहीही नको. खेळाच्या कोपऱ्यात फोम नको. टांगलेली सजावट फक्त अग्निरोधक प्रमाणपत्र असलेल्या कापडाची. रात्री माल ॲट्रियममध्ये उतरवायचा नाही. दुकानांत क्विक रिस्पॉन्स हेडच. बदलताना नेहमीचं हेड लावलं तर डिझाइन रद्द. वरचा मजला काचेने बंद केला असेल आणि ती काच काढायची असेल तर पंख्यांचा हिशेब नव्याने.

आणि प्रदर्शनाची गाडी. ती ५ मेगावॅटमध्ये बसत नाही. एकतर तिच्यासाठी ८ धरून पंखे मोठे घ्या, इथे जवळपास १३० घनमीटर लागतील, नाहीतर तिला दाराबाहेर पोर्चमध्ये उभी करा.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे मालकाला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ द्यावं लागतं. तपासायला येणारा माणूस पंप चालवून पाहतो, पंखे फिरवून पाहतो. हे पान पॅनेल रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे जाताजाता तो किऑस्कमधलं अंतरही मोजेल. जुलैचं ‘फॉर्म बी’ गणपतीच्या आधी येतं आणि जानेवारीचं नाताळच्या झाडानंतर, म्हणून मी मालकाकडून तिसरी एक फेरी लिहून घेतो : दिवाळीच्या आधीचा शनिवार, संध्याकाळी सात.